खळ्यातली संध्याकाळ आणि गडग्यापलीकडचे शेजारी

चिपळुणात घराबाहेरच्या कार्यक्रमाची तारीख पंचांगाच्या आधी आभाळ ठरवतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आलेला पाऊस सप्टेंबर संपला तरी पाय काढत नाही आणि ऑक्टोबरात दुपारपर्यंत रणरणतं ऊन, चार वाजता गडगडाट असे दिवस हमखास निघतात. खळ्यात पन्नास माणसं जेवायला बोलवायची असतील तर दिवाळी मागे पडू द्यावी. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा खरा हंगाम. 86वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरलं तेही जानेवारीतच, 2013 साली.

हंगामातही दोन अडसर असतात. मार्गशीर्षातले गुरुवार बहुतेक घरांत पाळले जातात आणि अनेकजण तर तो अख्खा महिना सामिषाला शिवत नाहीत. कोंबडी-वड्यांचा बेत असेल तर पाहुण्यांना विचारूनच दिवस पक्का करावा. शनिवार सुटीच्या दृष्टीने सोयीचा असला तरी तोही पाळणारे पुष्कळ. दुसरा अडसर परीक्षांचा. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, दहावीची तिच्या मागोमाग येते. पलीकडच्या खिडकीत एखादं पोर रसायनशास्त्राशी झुंजत असताना अलीकडे गाण्यांच्या भेंड्या रंगवणं बरं दिसत नाही.

साठीशांत, बारसं, डोहाळजेवण, निवृत्तीचा समारंभ किंवा नुसतंच डिसेंबरच्या सुटीत मुंबई-पुण्याहून आलेल्या नातेवाइकांचं एकत्र जेवण. यासाठी हॉल घेण्यापेक्षा घरचं अंगण बरं, असं आता पुन्हा अनेकांना वाटू लागलं आहे. वाटणं योग्यच आहे. कोकणातलं खळं मुळात माणसं जमवण्यासाठीच आहे. भात झोडून झालं की त्याच खळ्यात नमन-खेळे रंगतात, जाखडीचा फेर धरला जातो आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात आली की तिच्याबरोबर शे-दीडशे माणसं तिथे सहज मावतात. फरक इतकाच, की नमन असलं तर सगळी वाडीच बघायला बसलेली असते, तक्रार करायला कोणी मागे उरत नाही. पाग, खेंड, काविळतळी, मार्कंडी अशा भागांत आज कौलारू घराच्या गडग्याला लागून चार मजली इमारत उभी आहे. तिथली पंधरा-वीस कुटुंबं कार्यक्रम ऐकतात, त्याचा वास घेतात, त्याच्या गाड्या सोसतात, पण त्यांना बोलावलेलं नसतं. अंगणातल्या पार्टीत जे काही बिघडतं त्यातलं निम्म्याहून अधिक इथेच बिघडतं. म्हणून आचारी ठरवण्याआधी शेजार गाठावा.

शेजाऱ्यांकडे आठवडाभर आधी आणि स्वतः जावं. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ टाकून मोकळं होणं ही पळवाट झाली. दाराशी उभं राहून चार गोष्टी सांगाव्यात: कार्यक्रम किती वाजता सुरू, किती माणसं, गाड्या कुठे लागणार आणि आवाज किती वाजता बंद. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विचारावं. घरात कोणी आजारी आहे का, लहान बाळ आहे का, कोणाची रात्रपाळी आहे का? खेर्डी, खडपोली आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे या शहरात पाळीने काम करणारी घरं पुष्कळ आहेत. पहाटेच्या पाळीला निघणारा माणूस रात्री नऊलाच झोपतो, हे त्याच्या शेजाऱ्याला वर्षानुवर्षं माहीत नसतं. जवळ मशीद असेल तर मगरीबची वेळ बघून ठेवावी. ती सूर्यास्तालाच येते, म्हणजे नेमकी पाहुणे जमण्याच्या वेळी. तेवढा वेळ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याने कोणाचंही काही अडत नाही.

ज्यांच्याशी गडगा सामाईक आहे त्यांना जेवायलाच बोलवावं. दोन-चार पानं वाढतील एवढंच. 22 जुलै 2021 च्या पुरात बाजारपेठेत आणि सखल वस्त्यांत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं, तेव्हा माणसांनी आसरा घेतला तो शेजारपाजारच्या वरच्या मजल्यांवर. त्या रात्रीनंतर एका संध्याकाळच्या गाण्यांपायी शेजाऱ्याशी अबोला धरणं चिपळूणकराला परवडणारं नाही.

आता कायदा. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या 2000 सालच्या केंद्रीय नियमांनुसार निवासी भागात सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत 55 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, ती पोलीस ठाण्यातून घ्यावी. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती सणांसाठी आणि सांस्कृतिक-धार्मिक उत्सवांसाठी; भाच्याच्या वाढदिवसासाठी नव्हे. नियमांत आणखी एक कलम आहे, जे फारसं कोणाला ठाऊक नसतं आणि अंगणवाल्यांच्या कामाचं तेच आहे. खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा फार तर 5 डेसिबलने वर गेलेला चालतो. म्हणजे दिवसाच्या वेळेत गडग्यापाशी 60.

साठ डेसिबल म्हणजे किती? हातभर अंतरावरच्या दोन माणसांचं साधं बोलणं साधारण तेवढं असतं. तेव्हा चाचणी सोपी आहे. गाणं लावून यजमानाने गडग्यापाशी जावं आणि तिथे कोणाशी तरी नेहमीच्या आवाजात बोलून बघावं. आवाज चढवावा लागला तर गाणं मोठं आहे. मोबाइलवरची आवाज मोजणारी ॲप अगदी अचूक नसतात, पण अंदाजाला पुरतात. स्पीकर एकच मोठा घेऊन कोपऱ्यात लावण्यापेक्षा दोन-तीन लहान घ्यावेत, पाहुण्यांच्या जवळ ठेवावेत आणि त्यांची तोंडं घराच्या भिंतीकडे वळवावीत. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, त्यामुळे स्पीकर हद्दीपासून जितका आत तितकं बरं. ढोलक्याची धमक आणि गाण्यातला ठेका मात्र भिंतीही पार करतो. तो बटणानेच कमी करावा लागतो. खरं तर पन्नास माणसांत पेटी-तबल्याची बैठक विनामाइक चांगली रंगते. डीजे हा प्रकार वस्तीतल्या अंगणासाठी नाहीच.

वेळ साडेपाच ते साडेनऊ ठेवली की यातले निम्मे प्रश्न आपोआप मिटतात. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. उजेडात पाहुणे येतात, अंगण बघतात, पोरं दमतात आणि साडेसातला भुकेली होतात. आठनंतर दव पडायला लागतं. खुर्च्या ओलसर होतात, पापड सादळतात, म्हाताऱ्या माणसांची डोकी भिजतात. जेवणाच्या टेबलावर आणि ज्येष्ठांच्या बैठकीवर तरी कापडी छत हवंच. ज्यांच्याकडे झाप विणणारं माणूस अजून आहे त्यांनी बांबूचा मांडव घालून वर झाप टाकावेत. दिसायला ते कापडापेक्षा कितीतरी छान.

अंगण तयार करायला निदान चार दिवस हवेत. खळं मातीचं असेल तर पावसानंतर ते एकदा चोपण्याने चोपलेलं असतं, पण मुरलेल्या खड्ड्यांत खुर्चीचा पाय रुततो. तिथे माती भरून पुन्हा चोपावं आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सारवावं. आदल्या संध्याकाळी सारवलं तर थंडीत वाळत नाही आणि पाहुण्यांच्या कपड्यांवर त्याची नक्षी उमटते. पेव्हर ब्लॉक घातलेल्यांना ही कटकट नाही, पण त्यांच्या फटींतलं शेवाळ घासून काढलं नाही तर पाय घसरतो.

मग वर बघावं. माडाखाली खुर्ची टाकणं ही परगावच्या मांडववाल्याची नेहमीची चूक. सावली छान, पण झावळ किंवा नारळ कधी सुटेल याचा नेम नसतो. पाडेल्याला आठवडाभर आधी बोलावून तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्याव्यात. सोलकढीचे नारळही त्यातच सुटतात. तरीही बैठक माडाच्या बुंध्यापासून लांबच असावी. आंब्याला दिव्यांच्या माळा लावायच्या तर दोरीने बांधाव्यात, खिळे ठोकू नयेत. डिसेंबर-जानेवारीत मोहोर आलेल्या कलमाखाली चूल किंवा शेकोटी पेटवली तर आच लागून मोहोर करपतो आणि मे महिन्यात त्याचा हिशेब मिळतो.

मग खाली. जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग, लाकडांची रास, सोडणांचा साठा या जागा फुरशाच्या आवडीच्या. रत्नागिरी जिल्हा या सापासाठी कुप्रसिद्ध आहे. वीतभर-हातभर लांबीचा, मातीच्या रंगाचा, सहज न दिसणारा साप. हे ढीग कार्यक्रमाच्या चार दिवस आधी, दिवसाउजेडी, बूट घालून आणि काठीने हलवत दूर करावेत. कार्यक्रमाच्या दिवशी हात लावू नये, कारण हुसकलेला साप अंगणातच फिरतो. गडग्याच्या कडेला आणि न्हाणीकडच्या वाटेवर उजेड पाहिजे. कोणाला काही चावलंच तर कापणं, चोखणं, दोरीने आवळणं यातलं काहीही न करता माणसाला शांत बसवावं, चावलेला भाग हलू देऊ नये आणि 108 ला फोन करून किंवा घरच्या गाडीने थेट रुग्णालयात न्यावं. कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आणि डेरवणचं वालावलकर रुग्णालय यांपैकी आपल्याला जवळ कोणतं आणि तिकडे कोणत्या रस्त्याने जायचं हे यजमानाला आधीच ठाऊक असावं. सर्पदंशावर प्रतिविष हाच इलाज.

घराच्या आवारातली विहीर हा याहून मोठा धोका, कारण घरच्यांना ती दिसेनाशी झालेली असते. जुन्या विहिरींचे कठडे गुडघाभरच. घरची पोरं तिथे जात नाहीत म्हणून पाहुण्यांची जाणार नाहीत असं नव्हे, उलट मुंबईच्या पोरांना रहाट हेच पहिलं आकर्षण. वर लोखंडी जाळी टाकून ती बांधावी आणि तिथे एक मोठं माणूस खुर्ची टाकून बसवावं. घर शिवनदी किंवा वाशिष्ठीच्या काठाला असेल तर परसातून नदीकडे उतरणारी वाट संध्याकाळी बंद करावी. या नद्यांत मगरी आहेत. 2024 च्या पावसाळ्यात एक मगर शहरातल्या रस्त्यावर चालतानाची चित्रफीत देशभर फिरली होती. हिवाळ्यात त्या काही पार्टीला येत नाहीत, पण काठावर जाऊन त्यांना आमंत्रण द्यायचंही कारण नाही.

विजेच्या तारा जमिनीवरून नेऊ नयेत, विशेषतः दवाच्या दिवसांत. त्या डोक्याच्या वरून न्याव्यात, जोड टेपने नीट गुंडाळावेत आणि बाहेरची सगळी जोडणी 30 मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणाऱ्या सुरक्षा स्विचमधून घ्यावी. आचाऱ्याची विजेची शेगडी, हॅलोजन आणि फ्रीज एकाच बोर्डावर आले की घर अंधारात जातं. हॅलोजनऐवजी एलईडी घेतले तर भारही कमी आणि किडेही तुलनेने कमी जमतात.

आता जेवण, ज्यासाठी माणसं खरोखर येतात.

मुंबईच्या केटररची चाटची गाडी आणि पास्त्याचा काउंटर चिपळुणात आणण्यात काही हशील नाही. इथला थाट वड्यांचा. तांदूळ, उडीद, हरभऱ्याची डाळ, मेथी, धणे यांचं रवाळ पीठ कोमट पाण्यात मळून दुपारीच झाकून ठेवायचं आणि संध्याकाळी केळीच्या पानावर थापून पाहुण्यांच्या समोर तळायचे. फुगलेला वडा कढईतून थेट पानात पडला पाहिजे. एकगठ्ठा तळून डब्यात भरलेले वडे म्हणजे अर्ध्या तासात चामडं. सोबत मांसाहाऱ्यांना कोंबडीची सागोती, शाकाहाऱ्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं. दोन्हीत तेच भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, त्यामुळे शाकाहारी पंगतीला दुय्यम वाटत नाही. मात्र चुली, पळ्या आणि वाढपी वेगळे असावेत. मुस्लिम शेजारी येणार असतील तर कोंबडी हलाल घ्यावी आणि तसं त्यांना आधीच सांगावं. जेवायला बसल्यावर विचारायची पाळी त्यांच्यावर आणू नये.

पन्नास माणसांचा ढोबळ हिशेब असा: माणशी चार-पाच वडे, 200 ग्रॅमच्या हिशेबाने दहा किलो कोंबडी, वड्यांमुळे भात कमी जातो म्हणून तांदूळ चार किलो पुरे, सोलकढी दहा लिटर आणि पिण्याचं पाणी माणशी एक लिटर. गोडाला उकडीचे मोदक सुचवणारे नातेवाईक असतातच. पन्नास माणसांचे मोदक म्हणजे घरातल्या बायका दिवसभर वाफेत आणि पार्टी बाहेर. त्यापेक्षा मोदक बाहेरून सांगावेत किंवा खरवसावर भागवावं.

सोलकढीकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. नारळाचं दूध उबेला लवकर नासतं. ती जेवणाच्या तासभरच आधी काढावी आणि तिचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवावं. बर्फ खाण्याचाच हवा. मासळी टिकवण्यासाठीचा बर्फ स्वस्त मिळतो, पण तो पोटात जाण्यासाठी बनवलेला नसतो. कोळंबी, अंडी, दुधाचे पदार्थ दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर राहिले की धोका सुरू होतो. आचारी ठरवताना त्याच्याकडे अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी आहे का ते बघावं आणि व्यावसायिक कामाला घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर वापरू देऊ नये. त्यासाठी 19 किलोचा वेगळा असतो. सिलिंडर मांडवाच्या बाहेर, उभा आणि पोरांच्या वाटेपासून दूर.

अलीकडे रायगडातली पोपटीही इथल्या अंगणांत हौसेने लावतात. वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, कांदे, हवी तर मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी हे सगळं मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याच्या थरांत भरायचं, तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. अर्ध्या-पाऊण तासात तयार. जिन्नस अप्रतिम, पण जानेवारी-फेब्रुवारीत डोंगरउतारावरचं गवत कोरडंठाक असतं आणि कोकणात आंबा-काजूच्या बागा दरवर्षी वणव्यात जळतात त्या अशाच ठिणग्यांनी. जाळाभोवती सगळीकडे दोन-तीन मीटर जागा खरवडून मोकळी करावी, पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळू जवळ ठेवावी, निखारे पाण्याने पूर्ण विझवून मगच झोपायला जावं. धूर कुठे जातो तेही बघायला हवं. आदल्या संध्याकाळी त्याच वेळी एक उदबत्ती लावून वाऱ्याची दिशा पाहावी. ती शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे असेल तर पोपटी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्यावी. डास पळवायला सोडणांचा धूर करणाऱ्यांनाही हेच लागू.

दारूचा विषय घरोघरी वेगळा, कायदा मात्र एकच. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, एक दिवसाचाही मिळतो. वयाची अट बिअर-वाइनला 21 आणि बाकीच्या मद्याला 25 वर्षं. परशुराम घाट किंवा कुंभार्ली घाट उतरून-चढून जाणाऱ्या पाहुण्याच्या हातात ग्लास देताना त्याची गाडी कोण चालवणार हे यजमानाने आधी विचारावं.

गाड्यांचं नियोजन बहुतेकजण विसरतात. आळीत एका बाजूला पाच मोटारी लागल्या की रुग्णवाहिका आत येत नाही. जवळच्या मोकळ्या जागेच्या मालकाला विचारून तिथे गाड्या लावाव्यात आणि नाक्यावर बॅटरी घेऊन ओळखीतला एक पोरगा उभा करावा. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना सांगून ठेवावं की स्टेशन वालोप्याला आहे, बाजारपेठेला लागून नाही. रात्रीच्या परतीची रिक्षा आधीच ठरवलेली बरी. मांडवाचा एक खांब जरी रस्त्यावर येत असेल तर नगरपरिषदेची परवानगी लागते.

कचऱ्याचा विचार जेवणाच्या ताटापासूनच करावा. थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले-चमचे यांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड. केळीची पानं किंवा पोफळीच्या विरीच्या ताटल्या इथे सहज मिळतात आणि नंतर माडाच्या आळ्यात पुरता येतात. हाडं आणि माशांचे काटे मात्र खोल पुरावेत, नाहीतर रात्रीतून कुत्री ते शेजाऱ्यांच्या दारात नेऊन ठेवतात. शंभराहून अधिक माणसं जमणार असतील तर घनकचरा नियमांनी आणखी एक अट घातली आहे: नगरपरिषदेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं आणि ओला-सुका कचरा जागेवरच वेगळा करायचा. घंटागाडीवाल्याला आदल्या दिवशी गाठून सांगितलं तर तो सकाळी दोन मिनिटं जास्त थांबतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आळीतून एक चक्कर मारावी. उडून गेलेले कागदी रुमाल, पेले, फुगे उचलावेत, शेजाऱ्यांकडून आणलेली पातेली घासून परत करावीत आणि कोणाची काही गैरसोय झाली का ते विचारावं. मांडववाला दुपारी येतो. त्याच्या खुर्च्या आल्या तेव्हा मोजून घेतल्या नसतील तर जाताना वाद ठरलेला, म्हणून खुर्च्या, टेबलं, पंखे आणि दिव्यांच्या माळा उतरवून घेतानाच वहीत लिहून त्याची सही घ्यावी आणि उरलेले पैसे सामान गाडीत चढल्यावरच द्यावेत.